विश्वासाने चालवायचं, पण कोणाच्या पैशावर?

जय ख्रिस्त. तुमचं पत्र लांब आहे, म्हणून त्यातलं मला समजलं ते आधी मांडतो. भायखळ्याला पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेहक्काच्या, गाळ्यात वडिलांनी सुरू केलेली ऑफसेट प्रेस. मशीनमन, बाइंडर आणि एक हेल्पर. लग्नपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपने नेल्या, बिलबुकं सॉफ्टवेअरने नेली. मशीनचं कर्ज चालू, ताईच्या पाटल्या गोल्ड लोनला, जीएसटी दोन तिमाह्या थकलेला आणि कामगारांचा एक पगार मागे. पाळकसाहेब म्हणतात धीर धरा. प्रार्थनागटातल्या एका भावाने ‘प्रभू मोठं दार उघडणार आहे’ असं सांगितलंय. वहिनी म्हणतात भिवंडीच्या पॅकेजिंग कंपनीतली 38,000 ची नोकरी धरा. आणि तुमचा प्रश्न असा की, प्रेस बंद केली तर देवावर विश्वास कमी पडला असं होईल का?

नाही होणार. पण ‘चालू ठेवली म्हणजे विश्वास दाखवला’ असंही होत नाही. मी या भागातल्या छोट्या धंद्यांचे हिशेब आणि कर बघतो, आणि आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदारही आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. तो आला की मी आधी एकच गोष्ट विचारतो: तुम्ही चालू ठेवणार ते कोणाच्या पैशावर? स्वतःच्या पैशावर, स्वतःच्या झोपेच्या किमतीवर कोणी दोन वर्षं अडून बसला तर मी त्याला थांबवत नाही. तुमच्या बाबतीत मात्र उत्तर वेगळं दिसतंय.

तुम्ही पाठवलेले आकडे घेऊ. महिन्याला सरासरी 2,10,000 चं काम. कागद, प्लेटा, शाई आणि बाहेरचं लॅमिनेशन धरून 1,15,000. तिघांचे पगार 57,000. लाइट बिल 9,000, मशीनची दुरुस्ती 6,000, बँकेचा हप्ता 21,000, किरकोळ 5,000. बेरीज 2,13,000. खाली तुम्ही लिहिलंय, ‘म्हणजे तोटा फक्त तीन हजारांचा.’

या कागदावर दोन माणसं गायब आहेत. वहिनी दिवसभर डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकुराची जुळणी, करतात. बाहेरचा ऑपरेटर ठेवला तर तो 20,000 च्या खाली येणार नाही. तुम्ही स्वतः ऑर्डर आणता, प्रूफ तपासता, मशीनमन आला नाही तर मशीनवर उभे राहता. तुमचे 30,000 धरा. खरा तोटा महिन्याला 53,000 आहे. तो वहीत दिसत नाही, कारण तो तुमच्या स्वयंपाकघरातून आणि ताईच्या पाटल्यांतून भरला जातोय.

आता हप्ता बाजूला काढा. तो जुन्या निर्णयाचा पैसा आहे, प्रेस चालू राहो की बंद होवो, फेडावाच लागणार. त्याच्याशिवाय प्रेस महिन्याला 18,000 सोडते, तुम्हा दोघांच्या मिळून कष्टाचे. नोकरीत तुम्ही एकटे 38,000 आणाल. हप्ता भरून 17,000 हातात राहतील आणि वहिनींचे हात मोकळे होतील. प्रेसमध्ये हप्ता भरल्यावर तीन हजार कमी पडतात. हा हिशेब मांडणं म्हणजे देवावर शंका घेणं नव्हे. लूकच्या 14 व्या अध्यायात बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्च मोजावा, असं प्रभूच सांगतो. त्या दाखल्याचा विषय शिष्यत्वाची किंमत हा आहे, धंदा नव्हे, हे मला माहीत आहे. पण खर्च न मोजणाऱ्याला तिथेही कोणी श्रद्धाळू म्हटलेलं नाही. लोक त्याला हसतात.

घाईने निष्कर्ष काढायच्या आधी एक तपासा: 2,10,000 ही सरासरी पूर्ण बारा महिन्यांची आहे ना? छपाईचं काम कधीच सारखं नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नं, डिसेंबरला कॅलेंडर-डायऱ्या आणि नाताळचं काम, मे-जूनला शाळा, आणि जुलै-ऑगस्टला माश्या मारायच्या. पावसाळ्यात बसून प्रेस बंद करायचं ठरवणारे आणि जानेवारीत बसून नवीन मशीन घ्यायचं ठरवणारे, दोघेही मी पाहिलेत.

जानेवारीवरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की या जानेवारीत अचानक इतकं काम आलं की रात्रपाळी करावी लागली, आणि तुम्हाला वाटलं हीच खूण. अहो, मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती आणि निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. जवळजवळ चार वर्षांची पत्रकं एकदम छापली गेली. त्या महिन्यात मुंबईतल्या बंद पडायला आलेल्या प्रेसचीही मशीनं फिरली असतील. देवाने दिलं म्हणून आभार माना, जरूर माना. पण पुढची निवडणूक कधी, तेही वहीत लिहा.

तुम्ही आणखी एक अट घातली आहे: ईस्टरपर्यंत एका शाळेची मोठी ऑर्डर आली तर चालू ठेवायचं, नाही तर बंद. बायबलमधल्या गिदोनाने लोकर टाकून देवाकडे खूण मागितली, तसं. शास्ते 6 पुन्हा वाचा. लोकर खळ्यावर टाकायच्या आधीच गिदोनाला ‘जा’ असं स्पष्ट सांगून झालेलं होतं. लोकर ही त्याच्या विश्वासाची नव्हे, त्याच्या चाचपडण्याची गोष्ट आहे. देवाने ते सहन केलं हा देवाचा मोठेपणा. शिवाय शाळेची ऑर्डर कोणाला जाणार हे खरेदी बघणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर, तीन कोटेशनं पाहून ठरतं. तुमच्या घराचा निर्णय त्या टेबलावर कशाला ठेवता?

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं वाटेल. काम कमी झालं म्हणजे ‘देवच दार बंद करतोय’ असंही म्हणू नका. प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये पौलाला आसियात जायला आत्म्याने मनाई केली, बिथुनियाचीही वाट अडवली, हा उतारा अशा वेळी हमखास काढला जातो. पण तिथे पौलाला कळलं तसं तुम्हा-आम्हाला दर वेळी कळत नाही. लग्नपत्रिका कमी झाल्या कारण लोकांच्या हातात फोन आला. त्याला खूण म्हणू नका आणि शिक्षाही म्हणू नका. बाजार बदलला, एवढंच.

आता कोणाच्या पैशावर, ते बघू. तुमची प्रेस आज चार जणांच्या पैशावर चालली आहे. कामगारांचा मागे राहिलेला पगार, 57,000. ताईच्या पाटल्या. काळबादेवीच्या कागदवाल्याची उधारी, आणि त्याला तुम्ही पुढच्या तारखांचे चेकही देऊन ठेवलेत. चौथा जीएसटी. तो तुम्ही गिऱ्हाइकाकडून सरकारच्या नावाने घेतलात आणि कागदात घातलात. कैसराचे कैसराला, म्हणजे सरकारचं सरकारला द्यावं, हे आपल्याला पाठ आहे, पण आजच्या कैसराचं व्याजही सालाला 18 टक्के आहे.

यातला पगार मला सगळ्यात जास्त खुपतो. लेवीय 19:13 मध्ये मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको अशी आज्ञा आहे. याकोब 5:4 तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि तो आवाज प्रभूच्या कानी जातो. तुम्ही लिहिलंय, ‘आमचे कामगार समजून घेतात, घरच्यासारखे आहेत.’ सोळा वर्षं काम केलेला मशीनमन मालकाच्या तोंडावर काय बोलणार? तुमच्या विश्वासाची परीक्षा चालू आहे म्हणता, पण तिची फी तो भरतोय, आणि त्याला कोणी विचारलेलं नाही. तो तुमच्या मंडळीचाही नाही.

भविष्यवाणी सांगणाऱ्या भावाबद्दल मी वाईट बोलणार नाही. तुमच्यासाठी त्याने उपास केला असेल. पण त्याला एकदा प्रेसमध्ये बोलवा, चहा पाजा आणि वही पुढे ठेवा. थकलेल्या रकमा बघूनही तो तेच म्हणत असेल, तर ताईच्या पाटल्या सोडवायला काही मदत करतोस का म्हणून विचारा. पाळकसाहेबांनाही पूर्ण चित्र द्या. पुष्कळ वेळा पाळकांपुढे आपण ‘धंदा जरा मंदा आहे, प्रार्थना करा’ एवढंच ठेवतो, आणि तेवढ्यावर ते सांगतात त्यापेक्षा वेगळं काय सांगणार?

आपल्याकडे साक्षींचीही एक गंमत आहे. धंदा बुडत होता, प्रभूने वाचवला, ही साक्ष आपण दर महिन्याला ऐकतो. धंदा बंद केला, सगळ्यांचे पैसे दिले, आता नोकरीला जातो आणि रात्री झोप लागते, ही साक्ष द्यायला कोणाला माइक मिळालेला मी पाहिला नाही. अशी माणसं आपल्याच बाकांवर बसलेली असतात. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटत राहतं की जे टिकले त्यांच्यावरच देवाची कृपा.

निर्णय घेण्याच्या पद्धतीबद्दल आपल्या कॅथलिक बांधवांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आध्यात्मिक साधनेचे नियम लिहिले. त्यात त्यांनी बजावलंय की मन उदास, कोरडं, देव दूर गेल्यासारखं असेल तेव्हा आधी केलेला निश्चय बदलू नये. म्हणून वसुलीवाल्याचा फोन आल्या रात्री काही ठरवू नका. पण हा नियम नव्या निर्णयाला टांग मारायला वापरू नका. बऱ्या दिवशी, सकाळी, वहिनींबरोबर बसा. इग्नेशियस यांनी आणखी एक सुचवलंय: याच अडचणीतला एक अनोळखी माणूस तुमच्याकडे सल्ला मागायला आला, त्याचं भलंच व्हावं असं तुम्हाला वाटतं, तर त्याला काय सांगाल? ते लिहून काढा. बहुतेकांच्या पहिल्याच दोन ओळींत उत्तर असतं.

माझं मत विचारलंत, तर मशीन विका आणि काम ठेवा. हा मार्ग पत्रात तुम्ही धरलेलाच नाही. तुमच्याकडे चाळीस-एक जुनी गिऱ्हाइकं आहेत. ती मशीनसाठी येत नाहीत, मराठीत शुद्धलेखनाची चूक होणार नाही म्हणून येतात. वहिनींनी घरून डीटीपी करायचं, छपाई बाहेरच्या प्रेसवर टाकायची आणि मधला फरक ठेवायचा. पगार नाही, लाइट बिल नाही, कागदाच्या रिमा भरून ठेवायला नको. तुम्ही नोकरी धरा. डिजिटल प्रिंटिंगचं नवं मशीन घेऊन ‘काळाबरोबर चला’ असं कोणी सुचवेल. नवं कर्ज आज अजिबात नको. मुद्रा योजनेत तारण लागत नाही म्हणून लोकांना ते फुकटासारखं वाटतं, पण तुमचा एकट्याच्या मालकीचा धंदा आहे. धंद्याचं देणं ते तुमचं देणं.

आता मुख्य गोष्ट. बंद करायलाही पैसा लागतो, आणि हे फार उशिरा कळतं. वर्षाहून जास्त काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस आणि पूर्ण केलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, असा कायद्याचा हिशेब आहे. ग्रॅच्युइटी आणि पीएफची सक्ती तीनच कामगारांच्या जागेला लागत नाही, पण ही नोटीस आणि भरपाई चुकत नाही. मशीनमनची 16 वर्षं, बाइंडरची नऊ, हेल्परची तीन: मोजायच्या पद्धतीप्रमाणे तीन ते साडेतीन लाख होतात. वर थकलेला पगार. तुमची येणी आज 3,40,000 आहेत. मशीनला पाच लाख मिळतील म्हणता आणि बँकेची बाकी साडेचार आहे. म्हणजे मशीनने बँक फिटते, वसुली आणि मशीनचे उरलेले पन्नास हजार मिळून कामगार जवळजवळ फिटतात, आणि जीएसटी, कागदवाला व पाटल्या नोकरीच्या पगारातून वर्ष-दोन वर्षांत निघतात. आज हे ओढूनताणून का होईना, जुळतं. आणखी दोन पावसाळे काढलेत तर येणी खाऊन झालेली असतील आणि मशीनचा भाव उतरलेला असेल. मग प्रेस बंद होईलच, फक्त मशीनमन रिकाम्या हाताने घरी जाईल.

मशीन बँकेकडे तारण आहे, म्हणून बँकेचं लेखी ना-हरकत घेतल्याशिवाय ते जागेवरून हलवू नका, भंगारवाला कितीही रोख दाखवो. हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. त्याच्या आधी स्वतःहून शाखेत जा. तडजोड करून कमी पैशात कर्ज मिटवायची ऑफर येईल, पण सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ असा शिक्का राहतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना नडतो. मशीन विकून पूर्ण फेड होत असेल तर तीच करा. कागदवाल्याला भेटून चेकच्या तारखा बदलून घ्या. चेक परत गेला, त्याची नोटीस आली आणि 15 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर फौजदारी केस होते. जीएसटी नोंदणी रद्द करायचा अर्ज मशीन गेल्यावर करा, तोपर्यंत रिटर्न शून्याचं का होईना भरत राहा, आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न भरा. ते राहिलं की दंड मागे लागतो. यंदाचं आयकर रिटर्न मुदतीत भरा. धंद्याचा तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण रिटर्न उशिरा भरलं की तो हक्क जातो.

वसुलीला आजच लागा. कर्जाच्या वेळी तुमची उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी, नोंदणी झालेली आहे. सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, तसा लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. मार्चअखेर ते थकलेले राहिले तर पैसे थकवणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या करात वजा मिळत नाही. तुमचे पैसे अडवणाऱ्या इव्हेंट कंपनीच्या अकाउंटंटला उद्यम क्रमांकासह दोन ओळींची मेल टाका. मालकाला दहा फोन करून जे झालं नाही ते अकाउंटंट मार्चमध्ये करतो.

तुमच्या येण्यांतले पंचेचाळीस हजार मंडळीतल्याच लोकांकडे अडकलेत, हे वाचून नवल वाटलं नाही. ‘भाऊ, आपल्यातलंच काम आहे’ म्हणून भाव पाडायचा आणि मग आपल्यातलंच म्हणून पैसे लांबवायचे. त्यात मंडळीचा वार्षिक अहवाल तुम्ही फुकट छापता. नम्रपणे बिल पाठवा. उपासनेनंतर दारात नका मागू, घरी जाऊन मागा.

दशमांशाबद्दल, म्हणजे मंडळीला द्यायच्या मिळकतीच्या दहाव्या भागाबद्दल, तुम्ही संकोचून लिहिलंय. कर्ज काढूनही तो चुकवला नाही, तरी आशीर्वाद का नाही? मार्क 7 मध्ये आईबापाला द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण झालं असं सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभू काय बोलला, ते बघा. ताईच्या पाटल्यांवर उचललेल्या पैशाचा दहावा भाग ही तुमची मिळकत नव्हे. खजिनदार म्हणून सांगतो, मंडळीला तुमचे ते पैसे नकोत. आधी पगार द्या. कोणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा.

गाळ्याला मात्र हात लावू नका. पागडीचं भाडं काही शेकड्यांत आहे, म्हणून तो तुम्हाला फुकट वाटतो, पण तुमच्याकडची खरी मालमत्ता तीच आहे. मशीन गेल्यावर तो ‘असाच कोणाला तरी’ वापरायला देऊ नका. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू घातला तर भाडेहक्कच जाऊ शकतो. पुढे हस्तांतर करायचं झालं तर मालकाची संमती आणि त्याचा हिस्सा आलाच. ते सावकाश, वकील बघून. घरात कर्जाची घाई असताना गाळ्याचा सौदा कधी चांगला होत नाही.

राहता राहिल्या आई. बाबांनी प्रार्थना करून उभी केलेली प्रेस, दारावर अजून ‘यहोवा यिरे’ (परमेश्वर पुरवील) ची पाटी, बंद केली तर त्या काय म्हणतील, असं लिहिलंत. पण तुमच्याच पत्रात आहे की बाबांनी सुरुवात ट्रेडल या जुन्या छपाई मशीनवर केली आणि ऑफसेट आल्यावर खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, केसेस शिशाच्या भावाने किलोवर विकल्या. त्या दिवसाबद्दल आईंना विचारा, त्यांना आठवत असेल. आणि त्यांच्याही आधी मशीनमनला सांगा. चांगल्या मशीनमनला लोअर परळला आजही मागणी आहे, पण जागा शोधायला त्याला दोन महिने लागतील, आणि मे-जूनची शाळांची गर्दी ही त्याच्यासाठी नोकरी मिळण्याची सगळ्यात चांगली वेळ आहे.